डावीकडे ओढणारी गाडी

आमच्या घरच्या गाडीचं स्टीअरिंग मी धरायचं नाही, असा ठराव झाला त्याला आता काही पावसाळे होऊन गेले. ठराव तोंडी आहे, पण कडक आहे. गाडी धुवायची असेल तर मी धुऊ शकतो. काच पुसू शकतो, टायरात हवा भरायला शेजारी बसून जाऊ शकतो. किल्ली मात्र माझ्या हाती पडत नाही. यात कोणी दुष्ट नाही, हीच मोठी अडचण आहे. सगळे माझ्या जिवाच्या काळजीने वागतात, आणि काळजी करणाऱ्या माणसांशी भांडायचं कसं हे मला अजून जमलेलं नाही. एरवी भांडणात मी कोणाला ऐकत नाही.

हे सारं झालं मुठीत मावेल एवढ्या एका रबरापायी. लोक जमिनीपायी, बाईपायी बदनाम होतात. त्यात काही शान तरी असते. मी रबरापायी झालो.

वर्ध्याहून पुलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फाटा आहे, आणि फाट्यापासून आत गाव. मोठे भाऊ शेती पाहतात. वांगी, टमाटर, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला काढतात आणि वर्ध्याच्या बाजारात पाठवतात. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात ऑफिसात आहे. आम्ही एका घरात, एका चुलीवर. भावाचा मुलगा सावंगीच्या दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून लागला, त्याच्या आदल्या वर्षी आम्ही जुनी, पांढरी, लहानशी गाडी घरात आणली. त्या वेळी चालवता येत होतं ते एकट्या मला. मग काय विचारता! वहिनींना माहेरी न्यायचं, मी. बायकोला बाजारात न्यायचं, मी. गावात कोणाची पोरगी बाळंतपणाला निघाली, तरी मध्यरात्री दार वाजायचं ते माझंच. बावन्नाव्या वर्षी माणसाला पहिल्यांदा वाटावं की आपल्यावाचून काही अडतं, तसं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू, ते दिवस मला फार गोड लागले.

गाडी ठेवायला जागा होती ती बैलांच्या कोठ्यात. भावाची शेवटची जोडी म्हातारी झाली होती. नांगरट-वखरण ट्रॅक्टरने व्हायला लागलं आणि जोडी विकली. कोठा तसाच रिकामा होता, गव्हाणीसकट. गाडी आत घेतली की तिची उजवी बाजू भिंतीला लागायची, मला सरकत डाव्या दाराने उतरावं लागे, आणि डावीकडे माणूस जेमतेम बसेल एवढी जागा राहायची. ही उजवी-डावी बाजू ध्यानात असू द्या. हिनेच माझा घात केला.

पहिल्या वर्षीचा पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसलं, त्या खांद्याला कोमट तूप आणि हळद लावायची, पळसाच्या पानाने शेकायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. भाऊ सवयीने वाटी घेऊन कोठ्यात शिरले आणि गाडीपुढे उभे राहिले. मीही मागून गेलो. मला वाटलं, आता परत फिरतील.

"याचा खांदा कोठी असते रे?" भावांनी विचारलं.

"दादा, गाडीले खांदा कायचा?"

"वझं तं कुठं ना कुठं येतच असन ना. का हवेत चालते?"

आता माझ्यासारख्या माणसाला एवढं निमित्त पुरे. मी टॉर्च आणला, पोतं अंथरलं आणि त्यांना खाली दाखवलं. हे चाक, हा त्याला धरणारा लोखंडी हात. याला आर्म म्हणतात. हा हात गाडीच्या अंगाला जिथे जोडला आहे तिथे रबर बसवलेलं आहे, त्याला बुश म्हणतात. खड्ड्याचा दणका ते रबर आपल्या अंगावर घेतं. भाऊ पालथे पडून बराच वेळ त्या रबराकडे पाहत राहिले.

"म्हणजे सारं यालेच सोसा लागते."

"हो."

"मंग दुखत असन ना बाप्पा."

असं म्हणून त्यांनी पळसाचं पान तुपात बुडवलं आणि त्या रबरावर हळूहळू फिरवलं. हळद लावली. आवतण दिलं. मी हसलो नाही, खरंच हसलो नाही. बैल गेल्यापासून भाऊ संध्याकाळी कोठ्याच्या दारात नुसते उभे राहायचे. त्या दिवशी पहिल्यांदा ते आत बसले. उजव्या बाजूच्या रबरापर्यंत हात पोचेना, तेव्हा तिकडे त्यांनी लांबूनच दोन थेंब उडवले आणि हात जोडले.

गंमत अशी की दुसऱ्या दिवसापासून गाडीची कुरकुर बंद झाली. डाव्या चाकाखालून खड्ड्यात जो कुईं-कुईं आवाज यायचा, तो गेला. मी सगळ्या गावाला सांगितलं. भावांची छाती फुगली. वहिनी मात्र कडाडल्या.

"घरचं तूप गाडीच्या पोटाले चोपडता? पोट्ट्यायले भाकरीवर द्याले नाई अन् लोखंडाले!"

म्हणून पुढच्या खेपेला तुपाऐवजी ट्रॅक्टरचं काढून टाकलेलं काळं ऑइल आलं. ते घट्ट होतं म्हणून त्यात डिझेल मिसळलं. पोळा वर्षातून एकदाच येतो, कुरकुर महिन्यातून दोनदा येते. मग भाऊ दर अमावास्येला वाटी घेऊन कोठ्यात जायला लागले. तिथे ते त्या गाडीशी काय बोलायचे कोणाला ठाऊक, पण बोलायचे. बाहेर मी आणि वहिनी एकमेकांकडे पाहायचो. रबराला तेलाचं वावडं असतं, तेल पिऊन ते फुगतं, मऊ पडतं आणि शेवटी त्याचा चिखल होतो, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे ज्याचं अंग दुखतं त्याला तेल लावतात. बैलाला लावतात, बाळंतिणीला लावतात, दाराच्या बिजागरीला लावतात. मग बुशाने काय पाप केलं होतं?

हळूहळू गाडी डावीकडे ओढायला लागली.

आधी थोडीशी. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग जरा उजवीकडे धरून ठेवावं लागे. पुढे ब्रेक दाबला की ओढ वाढायची, जणू रस्त्याच्या कडेला कोणी तिला हाक मारत होतं. मी पुतण्याला घेऊन वर्ध्यात चाकं रेषेत आणून देणाऱ्या अलाइनमेंटच्या दुकानात गेलो. पुतण्या तोवर गाडी शिकला होता आणि शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांत असते ती चमक त्याच्याही डोळ्यांत आली होती. दुकानाचा मालक गळ्यात जाड साखळी घातलेला, बोलायला लागला की शेजारची दुकानं ऐकत राहावी असा. त्याने गाडी चढवली, चाकांना यंत्रं लटकवली आणि टीव्हीएवढा पडदा सुरू केला. पडद्यावर लाल आकडे होते. त्याने खाली जाऊन पाना फिरवला आणि आकडे एकेक करून हिरवे झाले.

"पाहा काकाजी," तो म्हणाला, "आता हात सोडून चालवा. गाडी नाकासमोर जाईन."

दोन-तीन दिवस तशी गेली. मग पुन्हा डावीकडे. पुन्हा दुकान, पुन्हा लाल, पुन्हा हिरवे. तिसऱ्या वेळी तर आकडे जवळपास हिरवेच होते. मालक माझ्याकडे असा पाहू लागला, जसे डॉक्टर दर आठवड्याला येणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पाहतात. पुतण्यानेही माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला पुढे कळला.

आता अपघात. म्हणजे घरात त्याला अपघात म्हणतात. सकाळची वेळ होती. बायको माझ्या शेजारी, तिच्या मांडीवर सांभाराची टोपली. मागे वहिनी, त्यांच्या दोन्ही बाजूंना वांग्यांच्या टोपल्या. बाजार गाठायचा होता, पण मी काही वेगात नव्हतो. वळणावर बाभळीआडून एक बकरी रस्त्यात आली. मी ब्रेक दाबला. बकरी वाचली. गाडी मात्र सरळ न थांबता, स्टीअरिंग मी उजवीकडे आवळून धरलं असताना, डावीकडे घसटत गेली, साइडपट्टीवरून उतरली आणि एक चाक मातीत रुतवून उभी राहिली. कोणाला खरचटलंही नाही. फक्त मागच्या टोपल्या उलटल्या आणि वहिनी गळ्यापर्यंत वांग्यांत बुडाल्या.

"भाऊजी!" वांग्यांतून आवाज आला. "मारता का काय मले?"

"वहिनी, मी उजवीकडे वळवली होती."

"उजवीकडे वळवली तं हे बाभूळ काऊन दिसून राह्यलं मले?"

बायको सांभाराच्या काड्या पदरावरून वेचत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ओसरीत पंचायत बसली. भाऊ बाजेवर. वहिनी खांबाला टेकून, लागलेलं नसतानाही गुडघा चोळत. बायको दारात. पुतण्या उभा. माझ्यासाठी एक खुर्ची मधोमध ठेवली होती, आणि मला ती ठेवण्याची तऱ्हाच आवडली नाही.

"काका," पुतण्याने मऊ आवाजात सुरुवात केली, "शुगर किती आहे सध्या?"

"बकरीची का माझी?"

कोणी हसलं नाही. घरात माझ्या बोलण्यावर कोणी हसलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

"मजाक नोका करू," बायको म्हणाली. "मी रोज पाह्यतो. सरळ रस्त्यावर पण तुमचे हात वाकडे राह्यते."

"गाडी ओढते म्हणून वाकडे राहतात!"

"मंग अलाइनमेंट केली ना काका. मी उभा होतो तिथं," पुतण्या म्हणाला. "सारे आकडे हिरवे होते. मशीन खोटं बोलते का?"

मी रागाने चहाची बशी उचलली. राग आला की माझे हात थरथरतात, तरुणपणापासून थरथरतात. लग्नाच्या मांडवात अक्षता पडायच्या आधीच माझ्या हातातला हार हलत होता. पण त्या दिवशी बशीतला चहा हलला आणि सगळ्यांनी तो हलताना पाहिला. वहिनींनी तर बोटाने दाखवला.

"पाहा. हात."

भावांनी बाजेवरून पाय खाली सोडले. "काही दिवस पोट्ट्यालेच चालवू दे," ते म्हणाले. "तूही आराम कर. लय केलं तू."

लय केलं तू. निरोप समारंभात असंच बोलतात. मी शर्टाच्या खिशातून किल्ली काढून पुतण्याच्या हातावर ठेवली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. संस्कारी मुलगा आहे.

त्यानंतर मी डावीकडच्या सीटवर आलो. ज्याने कधी नाटकात काम केलं असेल त्याला सांगायला नको. आपली भूमिका दुसरा करत असताना विंगेतून पाहणं हा फार वाईट धंदा आहे. पण विंगेतून बारकावे दिसतात. सरळ रस्त्यावर पुतण्याचेही हात जरा उजवीकडे वाकलेले होते. पोरगा दणकट, त्याला त्याचा भार वाटत नव्हता, इतकंच. ब्रेक दाबला की आमची सगळ्यांची डोकी डावीकडे जायची.

"रस्ता किती खराब करून ठेवला," बायको मागून म्हणायची.

माझ्या हातून गाडी डावीकडे गेली की ती शुगर. त्याच्या हातून गेली की तो बांधकाम खात्याचा दोष. मी खिडकीतून बाहेर पाहत बसायचो.

एके दिवशी पुढचं डावं टायर पाहिलं. आतल्या बाजूने ते पार गुळगुळीत झालेलं, बाहेरून मात्र नव्यासारखं नक्षीदार. चाक बाहेरून सरळ दिसत होतं आणि रस्त्यावर तिरपं घासत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं: यंत्र तर गाडी उभी असताना मोजतं. मी एका रविवारी पुतण्याला गोड बोलून पुन्हा त्या दुकानात नेलं. तो फोनवर बोलत बाहेर थांबला. मी मालकाला म्हटलं, या खेपेला पडदा लावू नका, चाक हलवून पाहा.

"हलवून काय पाह्यता?" तो म्हणाला. पण त्याने लोखंडी लिव्हर घेतली, डाव्या चाकाच्या आर्ममध्ये घातली आणि दाबली. आर्म मागे सरकला. सोडली, पुढे आला. माझ्या आजीचा हलता दातही इतका सहज हलत नव्हता.

"अरे बाप!" मालक शेजारच्या दुकानांनाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाला. "बुश तं गेला ना भाऊ! मले पह्यल्या दिवशीच शंका आली होती."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी विचारलं काऊन नाई? तुमी म्हटलं अलाइनमेंट करा, मी अलाइनमेंट केली. तुमी म्हटलं असतं बुश पाहा, मी बुश पाह्यला असता."

पण समजावून त्याने छान सांगितलं, ते मान्य करतो. दाराची बिजागरी ढिली झाली असताना तुम्ही दार उचलून धरून कडी बसवली, तर कडी बरोबरच बसते. हात काढला की दार खाली येतं आणि कडी चुकते. इथे तेच होत होतं. उभ्या गाडीवर तो चाकं रेषेत आणायचा, पडदा हिरवा व्हायचा. रस्त्यावर ब्रेक दाबला की रबर आर्मला धरू शकायचं नाही. आर्म मागे सरकायचा आणि त्याच्याबरोबर चाक आपली दिशा बदलायचं. उजवीकडचं चाक आपल्या जागी, डावीकडचं हललेलं. म्हणजे गाडी डावीकडे जाणारच, मग स्टीअरिंगवर मी असो की स्वतः यमराज. अलाइनमेंट कितीही वेळा केली तरी ती बुश धरून ठेवेल तितकीच टिकणार. आधी बुश बदलायचे, मग अलाइनमेंट. आम्ही नुसतीच अलाइनमेंट करत होतो.

त्याने दोन्हीकडचे बुश काढले. उजवीकडचा म्हातारा होता पण घट्ट होता, वरून थोड्या भेगा. डावीकडचा बुश नव्हताच म्हणा. भिजलेल्या भाकरीसारखा फुगून, लिबलिबीत होऊन बाहेर आला. मालकाने तो नाकाशी नेला.

"काकाजी, याले डिझेल कोण पाजलं?"

मला कोठा दिसला. भिंतीला लागलेली उजवी बाजू, डावीकडे अंथरलेलं पोतं आणि हातातली वाटी.

नवे बुश बसले, त्यानंतर अलाइनमेंट झाली. दुकानापासून थोडं अंतर मी शेजारी बसूनच पाहिलं: पुतण्याने बोटांनी धरलेलं स्टीअरिंग अगदी मधोमध होतं. मला टाळी वाजवावीशी वाटली. दोन्ही जुने बुश मी मागून घेऊन पिशवीत ठेवले होते. वाटेत मी भाषण तयार केलं. सुरुवात शांत ठेवायची, मध्ये जरा विनोद, आणि शेवटी दोन्ही रबरं ताटलीत ठेवून नुसतं उभं राहायचं.

तसंच केलं. संध्याकाळी ओसरीत सगळे होते. मी ताटली मागितली, वहिनींना वाटलं खायला काही आणलं आहे. मी दोन्ही रबरं तिच्यात ठेवली. हे उजवीकडचं, हे डावीकडचं. एकाच दिवशी बसवलेली, एकाच रस्त्यावर चाललेली. दाबून पाहा. गाडी का ओढत होती ते समजावून सांगितलं, बिजागरीसकट. भाषण उत्तम झालं. बायकोने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

भावांनी उजवं रबर उचललं, दाबलं, ठेवलं. मग डावं उचललं. दाबलं तसं बोटांना काळं लागलं. त्यांनी ती बोटं नाकाशी नेली. थांबले. पुन्हा नेली. मग त्यांनी कोठ्याच्या दाराकडे पाहिलं आणि तिथून माझ्याकडे.

त्यांना कळलं होतं. माझी खात्री आहे, कारण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, विकलेले बैल ट्रकमध्ये चढवले त्या दिवशी. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. माह्या तेलानं झालं, एवढंच. मग सगळं घर हसलं असतं, मी सगळ्यात मोठ्याने हसलो असतो, वहिनींनी तुपाची आठवण काढून त्यांना महिनाभर पिडलं असतं, आणि किल्ली माझ्या खिशात आली असती. मी ते वाक्य त्यांच्या तोंडून यायची वाट पाहत उभा होतो.

भावांनी बोटं धोतराला पुसली.

"रबरच ते," ते म्हणाले. "सडतेच. पण ब्रेक एवढा जोरात दाबाचं काय काम होतं तुले?"

संपलं. वहिनींनी ताटली उचलली, कारण ती पोह्याची होती. "जाऊ द्या ना भाऊजी," त्या म्हणाल्या, "झालं ते झालं."

आणि पुतण्या खरोखर आनंदाने म्हणाला, "बरं झालं काका तुमी शोधून काढलं. आता मले चालवाले सोपं जाईन."

तुम्ही म्हणाल, मीच का नाही सांगितलं तेलाचं? तोंडाशी आलं होतं. यात माझा काही मोठेपणा नाही. ते वाक्य भावांनी आपण होऊन द्यावं असं मला वाटत होतं. मी ओढून काढलं असतं तर ते माझं राहिलं नसतं. शिवाय भरल्या ओसरीत, बैल गेलेल्या माणसाला, तुम्ही गाडीला बैल समजून तिचा जीव घेतलात असं म्हणायचं? मी तोंडाळ आहे, पण तेवढा नाही.

सकाळी मात्र मी वांग्यांच्या वावरात गेलो. भाऊ टोपलीवर ओलं पोतं बांधत होते.

"दादा, काल वास आला ना तुमाले?"

"कायचा?"

"डिझेलचा."

त्यांनी सुतळीला गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोट्ट्याची ड्युटी सकाळची आहे. पह्यली बस भेटत नाई त्याले. तुह्या कॉलेजाले उशिरा गेलं तं चालते."

"म्हणजे हाताचं काही नाई?"

"हात चांगलाच आहे तुहा. कोण म्हणते वाईट आहे?"

"सारं घर म्हणते."

"म्हणू दे ना. तुले काय फरक पडते?" आणि त्यांनी टोपलीची एक बाजू माझ्याकडे केली. आम्ही दोघांनी मिळून ती बांधापर्यंत नेली.

त्या दिवसापासून गाडी डोळे मिटून सरळ जाते. आणि ती सरळ जाते म्हणून माझा गुन्हा पक्का झाला, ही अक्कल मला उशिरा आली. लोकांनी दोनच गोष्टी पाहिल्या: काका चालवायचे तेव्हा वाकडी जायची, पुतण्या चालवतो तर सरळ जाते. मधल्या रबराची हकीकत कोण लक्षात ठेवतो? बायकोसुद्धा बहिणीला फोनवर सांगते, पोट्ट्यानं हाती घेतली अन् गाडी सुधरली.

मागच्या महिन्यात फाट्यावर बसची वाट पाहत उभा होतो. गाडी माझ्याजवळ येऊन थांबली. पुढे बायको, मागे वहिनी. वहिनींचे गुडघे सावंगीला दाखवायचे होते.

"काका, बसा ना. सावंगीपर्यंत सोडतो."

मी मागे वहिनींशेजारी बसलो. गाडी पळत होती. खालून कसला आवाज नाही, कसली ओढ नाही. खरं सांगायचं तर फार सुरेख चालली होती, आणि ती सुरेख का चालली आहे हे त्या गाडीत मला एकट्यालाच ठाऊक होतं. सावंगीच्या अलीकडे एक ऑटोवाला हात न दाखवता आडवा आला. पुतण्याने करकचून ब्रेक दाबला. गाडी जिथल्या तिथे, एका रेघेत उभी राहिली.

वहिनींनी माझ्या दंडावर थाप मारली. "पाह्यलं भाऊजी? याले म्हणते हात!"

"हो," मी म्हणालो.

"तुमी असते तं आता आपण नालीत राह्यलो असतो," बायको पुढून म्हणाली. तिने मान वळवली नाही. रागाने म्हणाली नाही, सहज म्हणाली.

दवाखान्याच्या आवारात पुतण्याने गाडी लावली. वहिनींना हाताला धरून उतरवलं, दारं लॉक केली, किल्ली खिशात टाकली.

"काका, तुमाले वर्ध्याले ऑटो भेटन ना इथून?"

"भेटन," म्हटलं.

ते तिघं आत गेले. मी फाटकाकडे चालायला लागलो.